नळीचा राखणदार

१४ डिसेंबर १७९९. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन माउंट व्हर्नन येथील आपल्या घरी घशाच्या सुजेने गुदमरत होते. उशाशी तीन डॉक्टर होते. त्यांतले सर्वांत तरुण डॉ. एलिशा डिक यांनी गळ्यावर छेद देऊन श्वासनलिका उघडावी, असे सुचवले. बाकीच्या दोघांना ते पटले नाही. त्याच रात्री वॉशिंग्टन यांचे निधन झाले.

त्या दोघांच्या नकाराला भित्रेपणा म्हणता येणार नाही. गळ्यावर छेद देऊन जगलेल्या रुग्णांची संख्या तेव्हा फारच थोडी होती. पुढे १८३० च्या दशकात पॅरिसच्या आर्मां त्रूसो यांनी घटसर्पाने गुदमरणाऱ्या सुमारे दोनशे मुलांवर ही शस्त्रक्रिया केली. त्यांतली साधारण चौथा हिस्सा मुले वाचली आणि तेवढेही मोठे यश मानले गेले. उरलेल्यांपैकी काही घटसर्पाने गेली, काही रक्तस्रावाने. आणि नळी नीट बसूनही पुढच्या काही दिवसांत ती तुंबली किंवा निसटली म्हणून दगावणाऱ्या रुग्णांचे दुःख डॉक्टरांना पुढेही अनेक दशके बघावे लागले.

या शस्त्रक्रियेला आज आपण ट्रॅकिऑस्टॉमी म्हणतो. गळ्याच्या पुढच्या बाजूने श्वासनलिकेला छिद्र पाडून त्यात वाकडी नळी बसवायची आणि नाका-तोंडाऐवजी तिथून श्वास सुरू ठेवायचा, ही तिची कल्पना. ही कल्पना फार जुनी आहे. ती भरवशाची करण्याचे मोठे श्रेय मात्र डॉ. शेव्हेलियर जॅक्सन या अमेरिकी शल्यचिकित्सकाला जाते. सुरी कुठे चालवायची हे त्यांनी ठरवून दिलेच. पण सुरी खाली ठेवल्यानंतर काय करायचे, हे त्याहून बारकाईने सांगितले.

खाणींच्या गावातला मुलगा

जॅक्सन यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८६५ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पिट्सबर्गमध्ये झाला. कोळसा आणि लोखंडाचा हा मुलूख. अंगाने किरकोळ आणि स्वभावाने अबोल असलेल्या या मुलाला शाळेतल्या दांडग्या मुलांनी सतत छळले. एकदा तर त्यांनी त्याचे डोळे बांधून त्याला कोळशाच्या खाणीतल्या खड्ड्यात टाकून दिले. तो बेशुद्ध पडला आणि केवळ योगायोगाने सापडला म्हणून वाचला. या अनुभवांनी तो कडवट झाला नाही. मुलांना किंवा मुक्या जनावरांना दुखवलेले पाहणे मात्र त्याला जन्मभर सहन झाले नाही.

हातात विलक्षण कसब होते. सुतारकाम, चित्रकला, बारीक अवजारे घडवणे, सगळे त्याला जमे. घरची स्थिती बेताची असल्याने काचेच्या आणि चिनी मातीच्या भांड्यांवर नक्षी रंगवून त्याने शिक्षणाचे पैसे उभे केले. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजातून तो डॉक्टर झाला आणि घशाच्या विकारांचे पुढचे शिक्षण घेण्यासाठी लंडनला सर मोरेल मॅकेन्झी यांच्याकडे गेला.

मॅकेन्झी हे त्या काळचे युरोपातले सर्वांत नामवंत घसातज्ज्ञ. पुढे १८८८ मध्ये त्यांचाच एक रुग्ण साऱ्या जगाच्या चर्चेचा विषय झाला. जर्मनीचा सम्राट तिसरा फ्रेडरिक याला स्वरयंत्राचा कर्करोग होता आणि त्याच्या गळ्यात नळी बसवलेली होती. एप्रिलमध्ये ती बदलताना अडचण आली, रक्त वाहिले. नवी नळी श्वासनलिकेत गेली की तिच्यापुढच्या मांसात घुसली, यावरून जर्मन आणि इंग्रज डॉक्टरांत जाहीर भांडण जुंपले. जूनमध्ये सम्राट आजाराने गेलाच. राजवाड्यात, नामवंत डॉक्टरांच्या हातून नळी बदलतानाही असा प्रसंग येऊ शकतो, हे त्या भांडणातून सगळ्यांना दिसले. जॅक्सन यांच्या पुढच्या आयुष्याचा मोठा भाग नेमक्या याच प्रश्नावर खर्च झाला.

पाण्याचा एक पेला

१८८७ मध्ये पिट्सबर्गला परतून त्यांनी व्यवसाय सुरू केला. रुग्ण बहुतेक गरीब कामगारांच्या घरातले. त्यांत लहान मुले पुष्कळ असत आणि त्यांच्या दुखण्याचे कारण पुन्हा पुन्हा एकच निघे : कॉस्टिक सोडा. साबण करण्यासाठी आणि मोऱ्या साफ करण्यासाठी तो घरोघरी असे. दिसायला साखरेसारखा पांढरा. मूल तो तोंडात टाकी, अन्ननलिका भाजून निघे आणि जखम भरताना ती आकसत जाई. मग अन्न तर राहोच, पाणीही खाली उतरत नसे.

अशीच एक सात वर्षांची मुलगी त्यांच्याकडे आली. कित्येक दिवस तिच्या पोटात पाण्याचा थेंब गेला नव्हता. जॅक्सन यांनी स्वतः घडवलेल्या दुर्बिणीच्या नळीतून तिच्या आकसलेल्या अन्ननलिकेत अडकलेला राखाडी गोळा चिमट्याने काढला. नर्सने पाण्याचा पेला पुढे केला. मुलगी बिचकली, मग तिने एक घोट घेतला, तो खाली उतरला आणि पाठोपाठ दुसरा. तिने पेला हळूच बाजूला सारला आणि डॉक्टरांचा हात हातात घेऊन त्याचे चुंबन घेतले. हा प्रसंग जॅक्सन शेवटपर्यंत विसरले नाहीत.

ही दुर्बीण त्यांनी १८९० च्या सुमारास बनवली होती. तिची कीर्ती झाल्यावर इतर डॉक्टरही ती वापरू लागले आणि नवशिक्या हातांनी काही रुग्णांची अन्ननलिका फाटली. हे कळल्यावर जॅक्सन यांनी तिचा प्रसार थांबवला आणि उपकरण अधिक सुरक्षित करण्याच्या मागे लागले. नळीच्या टोकाशी इवलासा विजेचा दिवा आणि आत साचलेले पाणी-कफ ओढून घेण्यासाठी सक्शनची सोय असलेली त्यांची सुधारित उपकरणे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली. त्यांवर त्यांनी पेटंट घेतले नाही. अवजार चांगले असून भागत नाही, ते वापरणारा आणि नंतर रुग्णाजवळ थांबणारा माणूसही तयार करावा लागतो, हा धडा त्यांनी इथे घेतला. ट्रॅकिऑस्टॉमीच्या बाबतीत तो सर्वांत जास्त उपयोगी पडला.

छेद कुठे द्यायचा?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही शस्त्रक्रिया बहुतेक वेळा अगदी शेवटच्या घटकेला, रुग्ण निळा पडल्यावर, घाईघाईत होई. घाईत सापडायला सोपी जागा म्हणून छेद बराच वर, स्वरयंत्राला खेटून दिला जाई. १९०९ मध्ये जॅक्सन यांनी ट्रॅकिऑस्टॉमीवर शोधनिबंध लिहिला आणि या दोन्ही सवयींवर बोट ठेवले. शस्त्रक्रिया वेळेत करा. शक्यतो पूर्ण भूल न देता जागा बधिर करून करा, कारण गुदमरणारा रुग्ण स्वतःच्या धडपडीवरच श्वास घेत असतो. आणि छेद खाली, श्वासनलिकेवरच द्या.

खाली का? स्वरयंत्राच्या तळाशी क्रिकॉइड नावाची कूर्चेची कडी असते. श्वासनलिकेच्या इतर कड्या मागच्या बाजूने उघड्या असतात; ही एकच पूर्ण गोल असते आणि वाट उघडी धरून ठेवते. तिला इजा झाली की सूज येते, जखमेचे मांस वाढते आणि वाट कायमची अरुंद होते. मग मूळ आजार बरा झाला तरी गळ्यातली नळी काढता येत नाही. १९२१ मध्ये जॅक्सन यांनी स्वरयंत्र असे आकसलेल्या दोनशे रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांतल्या बहुसंख्य रुग्णांत मूळ दोष वर दिलेल्या छेदाचाच होता. घटसर्पातून वाचलेली, पण वर्षानुवर्षे गळ्यात नळी घेऊन जगणारी मुले त्यांच्याकडे येत. वाट थोडी थोडी रुंद करत, नळीच्या तोंडाला आधी अर्धवट आणि मग पूर्ण बूच लावून सवय करत, त्यांतल्या अनेकांची नळी ते सोडवत.

अगदी आणीबाणीच्या वेळेसाठीही त्यांनी रीत घालून दिली. मानेच्या दोन्ही बाजूंचे स्नायू आणि वर स्वरयंत्र यांच्यामध्ये खाली निमुळता होत जाणारा त्रिकोण तयार होतो. मोठ्या रक्तवाहिन्या त्याच्या बाहेर राहतात. डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटाने त्या बाजूला दाबून धरायच्या, मधोमध उभा छेद घ्यायचा आणि रक्तामुळे काही दिसत नसले तरी तर्जनीने श्वासनलिकेच्या कड्या चाचपून मगच ती उघडायची. हा भाग आजही जॅक्सन यांच्या नावाने ओळखला जातो.

सुरी खाली ठेवल्यावर

नळी बसली, श्वास सुरू झाला, रंग परतला की आजूबाजूचे सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. जॅक्सन यांच्या मते खरी काळजी इथून पुढे सुरू व्हायची. याचे कारण शरीराच्या रचनेतच आहे.

आवाज निघतो तो फुप्फुसातली हवा स्वरतंतूंमधून वर जाते म्हणून. गळ्यातली नळी त्यांच्या खाली बसते. हवा नळीतूनच बाहेर पडते आणि माणूस मुका होतो. त्याला हाक मारता येत नाही. लहान मूल रडले तरी आवाज येत नाही. शिवाय एरवी नाक हवेला ऊब आणि ओलावा देते. नळीतून जाणारी हवा कोरडी असते, कफ घट्ट होतो, त्याच्या खपल्या धरतात आणि काही मिलिमीटरची ती वाट बुजते. म्हणजे ज्याचा श्वास कोणत्याही क्षणी बंद पडू शकतो, त्यालाच मदतीसाठी ओरडता येत नाही.

म्हणून जॅक्सन यांचा पहिला नियम होता : या रुग्णाला एकटे सोडायचे नाही. शिकलेली नर्स रात्रंदिवस उशाशी हवी, आणि तिला डॉक्टरची वाट न पाहता काय करायचे हे ठाऊक हवे. नळी दुहेरी असावी, म्हणजे आतली नळी काढून धुता येते आणि बाहेरची जागेवर राहते. आतली नळी ठरावीक वेळाने काढून स्वच्छ करायची. कफ सक्शनने ओढायचा. नळीच्या तोंडापुढे ओलसर जाळीदार कापड ठेवायचे. खोकला दाबणारी अफूची औषधे द्यायची नाहीत, कारण फुप्फुसातली घाण वर आणणारी तीच एक ताकद रुग्णाजवळ उरलेली असते.

आणि श्वास अडकलाच तर? १९२२ च्या त्यांच्या दुर्बीणतपासणीवरच्या पाठ्यपुस्तकात याचा क्रम आहे. आधी आतली नळी काढा. तेवढ्याने भागले नाही तर कफ ओढा. तरीही श्वास येत नसेल तर बाहेरची नळीच तुंबली किंवा सरकली आहे असे धरा, ती काढा, छिद्राच्या कडा चिमट्याने फाकवून धरा आणि दुसरी नळी बसवा. त्यासाठी उशाशी एक तबक कायम मांडलेले हवे. त्यात त्याच मापाची दुसरी नळी, कडा फाकवण्याचा चिमटा, कात्री, सुरी, बांधायच्या फिती हव्यात. यात बुद्धिमत्तेचा चमत्कार काही नाही. पण हे सगळे हाताशी असणे आणि नसणे यांतले अंतर रुग्णाच्या दृष्टीने तीन-चार मिनिटांचे असते, आणि तेवढ्या वेळात मेंदू कायमचा निकामी होऊ शकतो.

डोळ्यांनी पाहून नळी

तोंडावाटे श्वासनलिकेत नळी घालण्याच्या तंत्रालाही जॅक्सन यांचा हात लागला. १८८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. जोसेफ ओड्वायर यांनी घटसर्पाच्या मुलांसाठी स्वरयंत्रात बसवायच्या छोट्या धातूच्या नळ्या वापरात आणल्या होत्या. त्या मुलाच्या तोंडात बोट घालून, अंदाजाने बसवाव्या लागत. टोकाशी दिवा असलेल्या लॅरिंगोस्कोपने जीभ उचलून स्वरतंतू प्रत्यक्ष दिसत असताना भूल देण्याची नळी आत कशी सरकवायची, याची पद्धत जॅक्सन यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. आज शस्त्रक्रियागृहात किंवा आयसीयूत रुग्णाला व्हेंटिलेटरवर घेताना डॉक्टर हेच करतात. अवजारे बदलली, काहींना कॅमेरा आला. नळी जाताना डोळ्यांना दिसली पाहिजे हा आग्रह तोच राहिला.

या सगळ्या काळात त्यांची स्वतःची फुप्फुसे धड नव्हती. १९११ मध्ये त्यांना क्षयाचे निदान झाले आणि पुढेही तो उलटला. सक्तीच्या विश्रांतीत ते अंथरुणावर पडून लिहीत आणि आकृत्या काढत. १९१६ मध्ये ते फिलाडेल्फियाला जेफरसन कॉलेजात प्राध्यापक म्हणून गेले. तिथल्या इतर वैद्यकीय महाविद्यालयांतही त्यांनी शिकवले. फळ्यावर दोन्ही हातांनी रंगीत खडू चालवत ते घशाची रचना उभी करत, आणि ते पाहायला लांबून डॉक्टर येत. स्त्रियांना वैद्यकीय शिक्षणात फारसे स्थान नसलेल्या त्या काळात ते पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाचे अध्यक्षही झाले.

रुग्णांच्या श्वासमार्गातून आणि अन्नमार्गातून काढलेली प्रत्येक वस्तू त्यांनी जपून ठेवली : नाणी, बटणे, सेफ्टी पिना, कवळ्या, खेळण्यांचे तुकडे. अशा २,३७४ वस्तूंचा संग्रह आज फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयातल्या खणांत पाहायला मिळतो. लहान मुलाच्या श्वासमार्गात शेंगदाणा अडकला तर त्यातल्या तेलाने फुप्फुसात किती तीव्र दाह होतो, हेही त्यांनी दाखवून दिले. आणि कॉस्टिक सोड्याविरुद्ध त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. १९२७ मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि अशा दाहक रसायनांच्या डब्यावर विषाची सूचना व प्रथमोपचार छापणे बंधनकारक झाले.

कोपनहेगनचे हात

निवृत्तीनंतर जॅक्सन फिलाडेल्फियाजवळच्या एका जुन्या पाणचक्कीच्या घरात राहत आणि चित्रे काढत. ते ऐंशी पार करून गेले असताना, १९५२ मध्ये, डेन्मार्कमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी २७ ऑगस्टला १२ वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यात नळी बसवून घेतली आणि तिला जोडलेली रबरी पिशवी हाताने दाबून हवा आत ढकलली. मुलगी वाचली. पुढचे काही महिने सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रुग्णांच्या उशाशी बसून अशा पिशव्या दाबल्या आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. आजच्या आयसीयूचा उगम इथे मानला जातो. ट्रॅकिऑस्टॉमी आता गुदमरणाऱ्याचा शेवटचा उपाय राहिली नव्हती. दीर्घकाळ श्वास चालू ठेवण्याचा तो राजमार्ग झाला होता. १६ ऑगस्ट १९५८ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी जॅक्सन यांचे निधन झाले.

आजचे तबक

आज गळ्यात नळी असलेला रुग्ण फक्त आयसीयूत नसतो. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगानंतर, डोक्याला मार लागल्यावर, पक्षाघातानंतर किंवा व्हेंटिलेटरवरचा मुक्काम लांबल्यावर नळी बसते, आणि अनेक जण ती घेऊन घरी येतात. धोके मात्र जुनेच आहेत. ब्रिटनमध्ये श्वासमार्गाच्या गंभीर दुर्घटनांची देशभर पाहणी झाली आणि तिचा अहवाल २०११ मध्ये आला. अतिदक्षता विभागातल्या दुर्घटनांत गळ्यातली नळी जागेवरून सरकणे हे त्यात ठळकपणे पुढे आले. रुग्णाला वळवताना किंवा उचलताना हे सहज घडू शकते. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड सतत मोजणारे यंत्र लावले असते तर नळी सरकल्याचे लगेच कळले असते, असेही अनेक घटनांत दिसले.

त्यानंतर तिथल्या तज्ज्ञांनी आणीबाणीचा जो क्रम ठरवला, तो बराचसा ओळखीचा वाटतो. मदत बोलवा. नाका-तोंडावर आणि गळ्यातल्या नळीवर, दोन्हीकडे ऑक्सिजन द्या. नळीवरचे झाकण किंवा बोलण्याची झडप काढा. आतली नळी काढा. सक्शनची नळी आत जाते का पाहा. जात नसेल तर बाहेरच्या नळीभोवतीच्या फुग्यातली हवा सोडा. तरीही सुधारणा नसेल तर नळी काढा आणि तोंडावाटे किंवा छिद्रातून श्वास द्या. ज्यांचे संपूर्ण स्वरयंत्र काढले आहे, त्यांच्या बाबतीत नाका-तोंडाची वाट फुप्फुसापर्यंत पोचतच नाही. त्यांना ऑक्सिजन आणि कृत्रिम श्वास गळ्याच्या छिद्रातूनच द्यावा लागतो. हे अनोळखी मदतनीसालाही कळावे म्हणून अशा रुग्णाच्या खाटेवर ठळक फलक असावा लागतो.

घरी रुग्ण आणणाऱ्या कुटुंबाने रुग्णालय सोडण्यापूर्वी आतली नळी काढणे, धुणे आणि सक्शन करणे नर्सच्या देखरेखीखाली स्वतःच्या हाताने करून पाहायला हवे. नळी निसटली तर काय करायचे आणि कुणाला फोन करायचा, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यायला हवे. रात्री रुग्णाच्या हाताशी घंटी हवी, कारण त्याला हाक मारता येत नाही. वीज गेली तर चालेल असे सक्शन हवे. आणि रुग्ण दवाखान्यात, देवळात, लग्नाला, कुठेही निघाला तरी सोबत एक पिशवी हवी : त्याच मापाची एक नळी, एक माप लहान दुसरी नळी, कात्री, फिती, सक्शनच्या नळ्या. दुसरी नळी, कात्री आणि फिती जॅक्सन यांच्या १९२२ च्या तबकातही होत्या.